भुलीच्या यंत्रावरील पहारेकरी

शस्त्रक्रियेसाठीं माणसाला आंत नेतात आणि दार लागतें, तेव्हां बाहेर बसलेल्या आप्तेष्टांचें सारें चित्त शस्त्रवैद्यापाशीं गुंतलेलें असतें. त्यांचा हात कसा आहे, अनुभव किती वर्षांचा आहे, याची चौकशी घरच्यांनीं आधींच करून ठेवलेली असते. परंतु त्याच खोलींत रोग्याच्या उशाशीं आणखी एक डॉक्टर असतात, आणि त्यांचें नांवहि पुष्कळांना ठाऊक नसतें. रोग्याला भूल देणें, ती हवी तितका वेळ टिकविणें आणि काम संपतांच त्याला सुखरूप जागें करणें हें त्यांचें काम. त्यांच्या शेजारीं भुलीचें यंत्र उभें असतें, आणि त्या यंत्रावर व त्याच्या पडद्यांवर लहानमोठ्या इशाऱ्यांची एक मालिकाच बसविलेली असते. हे इशारे काय सांगतात, काय सांगूं शकत नाहींत, आणि ते असतांना माणसाच्या पहाऱ्याची गरज कितपत उरते, याचा थोडासा उलगडा करण्याचा या भाषणाचा हेतु आहे.

भूल म्हणजे गाढ झोप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती बरोबर नाहीं. झोपलेल्या माणसाचें नाक पांघरुणाखालीं दबलें तर तो कूस बदलतो; घशांत कांहीं अडलें तर खोकून जागा होतो. निसर्गानें त्याच्या देहांतच एक पहारेकरी नेमलेला आहे. पूर्ण भूल दिलेल्या माणसाचा हा पहारेकरीहि निजतो. शिवाय पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेंत स्नायु शिथिल करणारें औषध द्यावें लागतें. त्यामुळें रोग्याला आपला श्वास आपण घेतां येत नाहीं, आणि तें काम यंत्राकडे जातें. संकटाची वर्दी देण्याची रोग्याची जी शक्ति काढून घेतली, तिच्या जागीं बाहेर दुसरी व्यवस्था उभी करणें भाग पडतें. भुलीच्या यंत्रावरील सर्व इशाऱ्यांचें मूळ या एका गरजेंत आहे.

आरंभीं हा पहारा केवळ माणसाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि बोटांवर होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन येथें, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें मॉर्टन या दंतवैद्यानें रोग्याला ईथर हुंगवून भूल दिली, आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचें युग सुरू झालें. पुढील वर्षीं एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजीं इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचें नख काढण्याच्या किरकोळ कामासाठीं क्लोरोफॉर्म दिलें असतां, कांहीं मिनिटांतच मरण पावली. मग वाद सुरू झाला. भूल देतांना लक्ष ठेवावें तें कशावर? श्वासावर कीं नाडीवर?

या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारीं हैदराबाद येथें घडला. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचें मत असें होतें कीं, क्लोरोफॉर्मनें आधीं श्वास थांबतो व मागाहून हृदय. यास्तव श्वास तेवढा पाहावा, नाडीकडे पाहण्याचें कारण नाहीं. निजाम सरकारच्या आश्रयानें १८८८ आणि १८८९ सालीं दोन मंडळें नेमलीं गेलीं. दुसऱ्यासाठीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रानें लॉडर ब्रंटन यांना विलायतेहून धाडलें. शेंकडों जनावरांवर प्रयोग होऊन निर्णय लॉरी यांच्या बाजूनें लागला. तथापि १९११ सालीं लेव्ही या इंग्रज संशोधकानें मांजरांवर प्रयोग करून दाखवून दिलें कीं, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतांना हृदयाचें स्पंदन एकाएकीं विस्कटून तें बंद पडूं शकतें, आणि अशा वेळीं श्वासाची वाट पाहत बसणें म्हणजे उशीर करणें होय. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत सत्याचा अंश होता. चूक झाली ती एकाच खुणेवर विसंबण्यांत. आजच्या यंत्रावर इतके निरनिराळे इशारे कां असतात, याचें उत्तर या जुन्या वादांतच आहे.

आतां प्रत्यक्ष यंत्राकडे वळूं. प्राणवायु साठ्यांतून निघतो आणि रोग्याच्या बोटाच्या टोकापर्यंत पोंचतो, हा एक प्रवास समजावा. या वाटेवर जागोजाग चौक्या बसविल्या आहेत, अशी कल्पना केली म्हणजे सारी योजना सहज ध्यानांत येते.

पहिली चौकी साठ्यापाशीं आहे. भरलेल्या सिलिंडरांत प्राणवायूचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारें १३५ पट असतो; तो उतरवून सुमारें चौपट केला जातो आणि मग वायु यंत्रांत शिरतो. मोठ्या रुग्णालयांत तो भिंतींतील नळांतूनच येतो. हा दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं शिटी वाजते. गेल्या शतकाच्या मध्यास अशी एक 'बोसन' नांवाची शिटी प्रचारांत होती. तिचा लाल दिवा बॅटरीवर चाले आणि तिचा आवाज नायट्रस ऑक्साइड या दुसऱ्या वायूवर. बॅटरी उतरलेली असली आणि तो वायुहि संपलेला असला, तर प्राणवायु गेला तरी ती मुकीच राही. चोर आल्याची वर्दी ज्यानें द्यायची, त्याची जीभ दुसऱ्याच्या खिशांत, असा तो प्रकार होता. पुढें सुधारणा अशी झाली कीं, शिटी प्राणवायूच्या उरल्यासुरल्या दाबावरच वाजावी, निदान ७ सेकंद वाजावी, आणि प्राणवायु थांबतांच इतर वायूंनीं त्याची जागा घेऊं नये म्हणून त्यांचाहि पुरवठा तोडला जावा. संपत आलेला प्राणवायुच आपल्या शेवटच्या जोरानें आपली वर्दी देतो, ही युक्ति फार सुंदर आहे.

परंतु या चौकीला फक्त दाब कळतो. नळांतून येणारा वायु कोणता, हें तिला कळत नाहीं. सिलिंडरांची अदलाबदल होऊं नये म्हणून १९५२ पासून त्यांच्या तोंडाशीं ठराविक जागीं छिद्रें आणि यंत्रावर त्यांच्या जोडीच्या खुंट्या ठेवण्याची पद्धत रूढ झाली. प्राणवायूच्या खुंट्या एका जागीं, नायट्रस ऑक्साइडच्या दुसऱ्या जागीं. चुकीचें सिलिंडर बसतच नाहीं. तथापि भिंतींतील नळ दुरुस्तींत उलटसुलट जोडले गेल्याच्या दुर्घटना निरनिराळ्या देशांत नोंदल्या गेल्या आहेत. अशा वेळीं दाब पुरेसा, शिटी स्तब्ध, आणि रोग्याच्या छातींत मात्र प्राणवायु नाहीं, अशी भयंकर अवस्था होते.

म्हणून दुसरी चौकी मिश्रणाची. यंत्रावरील प्राणवायूची आणि नायट्रस ऑक्साइडची चावी कित्येक यंत्रांत एका लहान सांखळीनें अशी जोडलेली असते कीं, दुसरी कितीहि उघडली तरी मिश्रणांत प्राणवायु सुमारें २५ टक्क्यांच्या खालीं जाऊं नये. बाहेरच्या हवेंत तो २१ टक्के असतो, हें येथें लक्षांत घ्यावें. पण सांखळी चावीचें वळण ओळखते. चावीमागें कोणता वायु आहे हें तिलाहि ठाऊक नाहीं. तें ओळखणारें स्वतंत्र उपकरण रोग्याकडे जाणाऱ्या वायूवर नजर ठेवतें आणि त्यांतील प्राणवायूचें प्रमाण आंकड्यानें दाखवितें. नळ चुकले तर पहिली खरी वर्दी यानेंच द्यावयाची. अशा पुष्कळ उपकरणांना साध्या हवेंत धरून तीं बरोबर २१ दाखवितात कीं नाहीं, हें वरचेवर पाहावें लागतें. पहारेकऱ्याची नजर शाबूत आहे ना, याचीच ही तपासणी होय.

तिसरी चौकी श्वासाच्या नळीवर. मिश्रण उत्तम आहे, पण नळीच सांध्यांतून निसटली तर? यंत्र प्रत्येक श्वासाबरोबर नळींत दाब चढतो कीं नाहीं हें पाहतें. ठराविक सेकंदांत तो चढला नाहीं तर नळी सुटल्याचा इशारा होतो. मर्यादेबाहेर चढला तर नळी मुडपली, कफानें तुंबली किंवा फुप्फुसांच्या वाटा आवळल्या, असा संशय घ्यावा लागतो. या ठिकाणीं एका साध्या भागाची गोष्ट बोधप्रद आहे. श्वास देणारा भाता पूर्वीं अनेक यंत्रांत वरून टांगलेला असे. नळी सुटली तरी तो आपल्याच वजनानें खालीं उतरे आणि पुन्हां वर जाई. पाहणाराला वाटे कीं श्वास चालू आहे. तोच भाता उलटा, म्हणजे खालून वर चढणारा बसविला, तेव्हां नळी सुटतांच तो भरेनासा होऊन खालीं बसूं लागला आणि बिघाड डोळ्यांना दिसूं लागला. कांहींहि नवीन न जोडतां, केवळ दिशा बदलून यंत्राला खरें बोलावयास लावलें.

चौथी चौकी परत येणाऱ्या वाटेवर आहे, आणि पुष्कळ भूलतज्ज्ञ तिला फार मोलाची मानतात. आपण बाहेर टाकतों त्या श्वासांत कार्बन डायऑक्साइड वायु असतो. तो अवरक्त किरण शोषून घेतो. या गुणाचा उपयोग करून कॅप्नोग्राफ हें उपकरण प्रत्येक उच्छ्वासाची एक लाट पडद्यावर काढतें. लाट चढते, माथ्यावर सपाट होते आणि नवा श्वास घेतांच खालीं येते. निरोगी माणसांत तिचा माथा साधारणपणें पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर दाबाइतका असतो. या एका लाटेंत किती गोष्टी सांठवलेल्या आहेत! हा वायु देहाच्या पेशींत तयार होतो, रक्त तो फुप्फुसांत आणतें, आणि श्वास तो बाहेर टाकतो. म्हणून लाट ठीक असली तर तिन्ही व्यवहार चालू आहेत असें समजतें. घशांतली नळी श्वासनलिकेऐवजीं चुकून अन्ननलिकेंत गेली, तर छाती हलल्याचा भास होऊं शकतो, पण एकामागून एक नियमित लाटा उठत नाहींत. दम्याच्या रोग्यांत लाटेचा चढ तिरपा होतो. रक्ताभिसरण एकाएकीं मंदावलें तर माथा झपाट्यानें खालीं येतो.

पांचवी चौकी बोटाच्या टोकावर. २०२० व २०२१ सालच्या कोरोनाच्या साथींत शहरांतील असंख्य घरांतून जें चिमट्यासारखें उपकरण आलें, तें पल्स ऑक्सिमीटर. जपानांतील ताकुओ आओयागी या अभियंत्याची ही कल्पना १९७४ सालची. हृदय दर मिनिटास किती रक्त ढकलतें हें रंगाच्या साहाय्यानें कानाच्या पाळीवरून मोजण्याच्या प्रयत्नांत ते होते, आणि नाडीचे ठोके त्यांच्या मोजणींत अडथळा आणीत होते. तो अडथळा दूर करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बोटांतून अगर कानांतून दोन प्रकारचे किरण पाठविले, एक तांबडा व एक अवरक्त, तर त्या ठोक्यांबरोबर होणाऱ्या फरकावरूनच धमनींतील रक्तांत प्राणवायु किती आहे हें काढतां येतें. अडथळाच उपाय ठरला. पुढें शस्त्रक्रियागृहांतील उपकरणांत प्रत्येक ठोक्याचा स्वर ऐकूं येण्याची सोय झाली, आणि प्राणवायु कमी होऊं लागला कीं स्वरहि उतरावा अशी योजना झाली. त्यामुळें डॉक्टरांची नजर दुसरीकडे असली तरी, गायनाच्या बैठकींत स्वर उतरलेला जसा जाणकाराच्या कानाला तत्काळ खटकतो, तसा हा बदल त्यांना खटकतो.

परंतु बोटावरील चौकी मार्गाच्या शेवटास आहे, आणि म्हणून ती उशिरां बोलते. भुलीपूर्वीं रोग्याला शुद्ध प्राणवायु हुंगवितात. फुप्फुसांत त्याचा सांठा होतो आणि श्वास थांबला तरी निरोगी प्रौढाच्या बोटावरील आंकडा कांहीं मिनिटें हालत नाहीं. नळी चुकल्याचें कॅप्नोग्राफ कांहीं श्वासांतच सांगतो, बोट मात्र मागाहून. शिवाय आंकड्याच्या उतरण्याची रीत घाटासारखी आहे. शंभरापासून नव्वदापर्यंत पठारावरून चालल्यासारखें असतें. नव्वदाच्या सुमारास कडा लागतो, आणि पुढें उतार फार वेगाचा आहे. इशाऱ्याची मर्यादा पुष्कळदां नव्वदावर ठेवतात ती याच कारणानें. थंड पडलेला हात, नखांवरील गडद रंग, किंवा धुरांतून रक्तांत शिरलेला कार्बन मोनॉक्साइड यांनीं हें उपकरण फसतें. गडद त्वचेच्या कांहीं रोग्यांत तें खऱ्यापेक्षां अधिक आंकडा दाखवितें, असें १९९० व २०२० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसून आलें आहे.

यांशिवाय हृदयाचा विद्युत्-आलेख आणि रक्तदाब यांचा पहारा असतोच. आलेखांतील रेघ विजेची असते, रक्ताची नव्हे. रेघ उमटत असतां नाडी नाहींशी झालेली असूं शकते. म्हणून आलेख, रक्तदाब आणि बोटावरचा ठोका यांची एकमेकांशीं सांगड घालूनच निर्णय करावा लागतो.

या सर्वांचा मेळ घातला तर एक सरळ नियम हातीं येतो. साठ्याजवळची चौकी लवकर बोलते, पण तिला थोडें कळतें. रोग्याजवळच्या चौकीला पुष्कळ कळतें, पण ती उशिरां बोलते. एकीनें दुसरीची जागा घेणें शक्य नाहीं. आणि कोणतीहि चौकी रोगाचें निदान करीत नाहीं. एक आंकडा ठरविलेल्या मर्यादेबाहेर गेला, एवढेंच ती सांगते. कां गेला आणि आतां काय करावें, हें उशाशीं बसलेल्या माणसानेंच ठरवावयाचें.

येथें इशाऱ्यांची दुसरी, थोडी अप्रिय बाजू येते. शस्त्रवैद्य रक्तवाहिनी विजेनें डागतात तेव्हां हृदयाचा आलेख वेडावांकडा होतो. रक्तदाबाचा पट्टा ज्या हातावर, त्याच हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर पट्टा फुगला कीं दर वेळीं ठोका नाहींसा होतो आणि घंटा वाजते. रोगी मात्र उत्तम असतो. लांडगा आला, लांडगा आला, असें उगीच ओरडणाऱ्या पोराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. घंटा खोट्या ठरूं लागल्या म्हणजे हात आपोआप आवाज बंद करण्याच्या बटणाकडे जातो. हा दोष केवळ आळसाचा नाहीं. निरर्थक आवाजाकडे दुर्लक्ष करणें हा मनाचा स्वभावच आहे. अमेरिकेंतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनें २०१३ सालीं याविषयीं जाहीर इशारा दिला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळांत रुग्णालयांतील निरनिराळ्या उपकरणांच्या इशाऱ्यांसंबंधीं तिच्याकडे ९८ दुर्घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकीं ८० रोगी दगावले होते. यावर उपाय दुहेरी आहे. इशाऱ्यांना पायऱ्या असाव्या: तातडीच्यास तांबडा लुकलुकता दिवा व स्वरांची लांब मालिका, मध्यमास पिवळा दिवा व तीन स्वर, आणि मर्यादा प्रत्येक रोग्याच्या वयास व प्रकृतीस अनुसरून आधींच बसविलेल्या असाव्या. तान्ह्या बाळाची नाडी आणि सत्तरीच्या वृद्धाची नाडी एका मापानें मोजून कसें चालेल?

मग अपघात होतात ते यंत्रामुळें कीं माणसामुळें? बोस्टनमध्यें जेफ्री कूपर या अभियंत्यानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं टाळतां येण्याजोग्या ३५९ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८२ टक्के घटनांत माणसाची चूक होती. उपकरणाचा उघड बिघाड १४ टक्क्यांत. नळी सुटणें, वायूची चावी चुकून फिरणें, औषधाची पिचकारी बदलणें, अशा त्या चुका होत्या. असल्या चुका हुशार व अनुभवी माणसांच्या हातूनहि होतात. पुढें हार्वर्ड विद्यापीठाशीं संलग्न रुग्णालयांनीं भुलीच्या वेळचे किमान पहाऱ्याचे नियम ठरविले, ते १९८६ सालीं प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेनें आपले नियम केले. यंत्रांविषयींच्या या नियमांत एक कलम अगदीं मानवी आहे: भूल चालू असेतोंपर्यंत भूल देणारानें खोली सोडूं नये.

या कार्याशीं महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील उटी या गांवच्या गावंडे घराण्यांतील, अमेरिकेंत वाढलेले शस्त्रवैद्य अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखालीं जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर वाचावयाची १९ कलमांची यादी तयार केली. ऑक्सिमीटर रोग्याला लावला आहे आणि तो चालू आहे, हें भुलीपूर्वीं मोठ्यानें विचारावें, असें तिच्यांतील एक कलम आहे. गरीब देशांतील शस्त्रक्रियागृहांना असे ऑक्सिमीटर मिळावे म्हणून त्यांनीं २०११ सालीं 'लाइफबॉक्स' ही संस्था स्थापिली.

घरच्या माणसांनीं यांतून काय घ्यावें? यंत्राची परीक्षा घेणें त्यांचें काम नाहीं. परंतु पहाऱ्याला साहाय्य करणें त्यांच्या हातीं आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं भूलतज्ज्ञ भेटावयास येतात, तेव्हां दमा, घोरणें, हृदयविकार, चालू औषधें, पूर्वीं भुलीचा झालेला त्रास आणि हालणारे किंवा बसविलेले दांत, यांपैकीं कांहींहि लपवूं नये. उपाशी राहण्याची वेळ कांटेकोर पाळावी. दयेपोटीं दिलेला चहाचा अर्धा पेला पोटांतून उलटून फुप्फुसांत जाऊं शकतो. नखांचा रंग काढावा, आणि बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असल्यास सांगावें. भूल देणारे डॉक्टर शेवटपर्यंत खोलींत असतील ना, आणि शुद्धीवर येईपर्यंत रोग्याजवळ कोण राहील, हे दोन प्रश्न नम्रपणें विचारण्याचा घरच्यांना पूर्ण अधिकार आहे. कोणताहि चांगला डॉक्टर त्यांनीं रागावणार नाहीं.

आणि आंतून एखादी घंटा ऐकूं आली, तर घाबरून जाण्याचें कारण नाहीं. बहुतेक वेळां ती एवढेंच विचारीत असते: 'इकडे लक्ष आहे ना?' त्या प्रश्नाला 'आहे' असें उत्तर देणारा माणूस उशाशीं असला, म्हणजे पहारा पुरा झाला.